मैकै नोवु

कागदावर आजाराचं नाव एवढं लांब
की वडगावच्या मेडिकलवाल्यानंही दोनदा वाचलं.
निंगव्वाला सांगायला गेले,
फायब्रो, इथवर आले नि अडकले.
ती म्हणाली, "मैकै नोवु म्हण की."
मै म्हणजे अंग, कै म्हणजे हात.
सात वर्षं, पाच डॉक्टर, एक एमआरआय,
आणि नाव भिंतीपलीकडं भाकरी थापत बसलेलं.

रिपोर्ट सगळे नॉर्मल.
परशराम ते बाहेरच्या खोलीत ठेवायचा,
आल्यागेल्याला दिसतील असे.
बोलायचा काही नाही.

डॉक्टर हंजींनी मात्र बोटानं दाबून पाहिलं.
मानेमागं, खांद्यावर, कोपराशी, गुडघ्याच्या आत,
अठरा जागा.
तेराव्याला मला रडू फुटलं.
दुखलं म्हणून नव्हे,
कुणीतरी नेमकं तिथंच बोट ठेवत होतं म्हणून.
(हंजी म्हणजे कानडीत कापसाचा पेळू.
विणकराच्या घरात असलं नाव लक्षात राहतं.)

ते म्हणाले, तुमच्या नसांना सगळंच मोठ्यानं ऐकू येतंय.
मला हसूच आलं.
आमच्या गल्लीत अकरा पॉवरलूम.
सासरे पन्नाशीतच ठार बहिरे,
शेवटी शेवटी साडीचा भाव बोटांवर करायचे.
त्याच खडखडाटात माझं अंग
उलट्या वाटेनं गेलं.
पदर खांद्यावर पडला तरी
त्याला ऐकू येतं.

मागावर धागा तुटला की परशराम
न बघता बोट फिरवतो,
अडीच हजारांतून तुटका तेवढा काढतो,
गाठ मारतो, पुढं.
माझ्यात तसा धागाच सापडत नाही.
सगळे शाबूत.
सगळे ताणलेले.

आता कांड्या मोजून भरते.
वीस झाल्या की सानिकानं लावून दिलेला गजर वाजतो,
उठायचं, बरं वाटत असलं तरी.
हेच अवघड, बरं वाटत असताना उठणं.
चांगल्या दिवशी मी हावरट होते.
माळा झाडते, उडीद निवडते,
खासबागच्या बाजारातनं दोन्ही हातांत पिशव्या,
आणि मग तीन दिवस
वेणी घालायलाही हात वर जात नाही.

नणंदेच्या लेकीच्या लग्नात, खानापुरात,
मी खुर्चीत बसून अक्षता टाकल्या.
मागं कुणीतरी म्हणालं, दिसायला तर ठणठणीत आहे.
शब्द बरोबर होता.
ठण. ठण.

पहाटे येळ्ळूरच्या रस्त्यानं चालते.
गड धुक्यात असतो, त्याची वाट बघत नाही.
विजेच्या सातव्या खांबाला हात लावते नि मागं फिरते.
गेल्या मार्गशीर्षात पाचवा होता.
मधे एक महिना उंबराच होता,
तोही लिहून ठेवलाय.

रात्री अर्धी गोळी.
गरम पाण्याची पिशवी एकच,
माझी नि निंगव्वाची.
तिचा गुडघा, माझी पाठ.
भिंतीवर दोनदा टकटक म्हणजे पाठव.
एकदा म्हणजे असू दे, तुलाच लागेल.

काल लाईट गेली.
अकराही माग एकदम गप्प.
इतकी शांतता की मीच दचकले,
अंग तेवढं चालू होतं.
अंधारात परशरामनं विचारलं, "आज कुठं?"
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.
कुठं म्हणून सांगू?
म्हटलं, नाही कुठं ते सांगते.
डाव्या कानाची पाळी.

त्यानं चाचपडत तिथं बोट ठेवलं.
धागा शोधतो तसं,
पण दाबलं नाही.

भिंतीवर टकटक झाली.
आम्ही दोघंही दुसरीची वाट बघत राहिलो.
एकच होती.