बशीतला ताप

गोरेवाड्याच्या पुढे, काटोल रोड सोडून आत,
दौलत कालोकारच्या गोठ्यात पहाटे साडेचारला
मी बर्फाचा डबा घेऊन उभी.
म्हैस रात्री व्यालेली. जमीन अजून ओली.
वगार उभी राहून बघत होती,
चार पाय तिला जरा जास्तच झाले होते.

मी बाटली पुढे केली.
दौलतभाऊंनी बाटली पाहिली, मग मला पाहिलं,
आणि म्हशीलाच सांगितल्यासारखं म्हणाले,
"पयले वगारीचं पोट. मंग सरकारची बाटली."

थांबले.
बर्फ थोडा वितळला.

चीक पिवळा, जड, बोटाला चिकटणारा.
कुणाच्याही घरी याचा खरवस झाला असता,
गूळ, वेलची, वाफेचं झाकण.
आमच्या खोलीत तो आधी गरगर फिरतो,
साय सोडतो, चोथा सोडतो,
मग काचेच्या नळीत उतरतो.
वरून मी मिठाचं पाणी सोडते, थोडं, आणखी थोडं,
एकेक प्रथिन नळीचा हात सोडून निघून जातं.
सगळ्यात शेवटी, सगळ्यात खारट पाण्याला,
एक पट्टा खाली येतो, गुलाबी.
पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी माझी बोटं तपासली होती,
कुठे कापलं की काय.

लॅक्टोफेरिन.
दुधातलं लोखंड मुठीत घेऊन बसलेलं,
जंतूला त्यातला कण देत नाही.
पण विषाणूला लोखंड नको असतं,
त्याला दार हवं.
पेशीच्या अंगावर साखरेची बारीक लव असते,
तिला धरून तो आत शिरतो.
आणि हे, त्याच्या आधी पोचून,
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा
तसं जागा धरून ठेवतं.

असं आम्हाला वाटतं.

जांभळ्या रंगात बुडवलेल्या बशा मी उजेडात धरते.
विषाणू जिथे जेवला तिथे पांढरं भोक.
नुसत्या बशीत एकाहत्तर.
चिकाच्या बशीत नऊ.
पुन्हा मोजलं, मार्करने ठिपके देत. नऊ.
बाहेर कूलरचं पाणी संपून पंखा कोरडा फिरत होता,
मला ऐकूच आलं नव्हतं.

भाद्रपदात दौलतभाऊ पहिल्यांदा प्रयोगशाळेत आले.
चपला दाराबाहेर काढल्या, मी नको म्हणत असताना.
नात आचल, सहा वर्षांची, चार दिवस ताप,
अंगावर बारीक लाल पुरळ.
"बाई, ते गुलाबी पानी,
थोडंसं. आपल्याच म्हशीचं हाये ना."

त्यांच्याच म्हशीचं होतं.
फ्रिजमध्ये, उणे वीसवर, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीखाली.
मी म्हणाले, भाऊ, हे बशीत झालंय.
पोटात आम्ल असतं, मग आतडं, मग रक्त,
तिथवर काय उरतं, किती द्यायचं,
मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

ते बशांकडे बघत राहिले.
"बशीत त चाय बी थंडी होते, बाई.
जीभ पोळते ते कपात."

मी रिक्षा बोलावली. मेयोत जा म्हटलं, आत्ता.
पाणी पाजत राहा, लघवीवर लक्ष ठेवा.
एवढंच माझ्याकडे देण्यासारखं होतं
आणि ते कुणाकडेही असतं.

आचल नवव्या दिवशी घरी आली.
सलाइनने म्हणा, परिचारिकांच्या जागरणाने,
की तिच्याच रक्ताने.
आमचा त्यात थेंब नव्हता.

वहीत त्या दिवशीची नोंद:
नमुना एकेचाळीस, वगार प्याल्यानंतर घेतला.
वर, सर विचारतील म्हणून, बरोबरची खूण केली.

पुढची म्हैस व्याली तेव्हा
दाराशी स्टीलचा डबा, झाकणाला वाफेचं पाणी.
"हे बशीत नका टाकू," असा निरोप.

उकडल्यावर ते प्रथिन मोडतं.
लोखंडाची मूठ सुटते, खरवसात काही उरत नाही,
हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते.
चमचा शोधत बसले नाही.