बादली क्रमांक चार

टोलेडोच्या वेशीवर, महामार्ग वळतो तिथे
आमचा मॉल अजून उघडतो. सकाळी दहाला.
एकशे बारा गाळे होते, आता सात,
सात म्हणजे मला धरून:
पँट आखूड करणे, चेन बदलणे, कंबर सैल करणे.
कंबर घट्ट करायला वर्षभरात एकच जण आला.
आजारातून उठला होता, पैसे घ्यायला जीव झाला नाही.

काचेचं छत जिथे जिथे गळतं
तिथे वॉल्टनं बादल्या ठेवल्यात,
काळ्या मार्करनं नंबर घातलेत, एक ते नऊ.
चौथी माझ्या दाराशी.
रात्री बर्फ पडला की सकाळी तिच्यात
दोन तांबे पाणी, वर पातळ पापुद्रा.
मी तो सुईनं फोडते.
उगाच.

आज भाचीचा फोन आला, दुबईहून.
बाहेर बेचाळीस डिग्री,
आणि मॉलच्या पोटात बर्फाचा डोंगर!
माणसांची रांग, अंगात भाड्याचे कोट,
बाह्या सगळ्यांनाच लांब.
(माझी नजर आधी बाह्यांवर जाते, काय करू.)
"आत्या, बघ, बर्फ!"
मूठभर उचलून तिनं फोनसमोर धरला,
जसा काही मी पाहिलाच नाही कधी.
म्हटलं, सुरेख आहे गं. तिकीट कितीचं?
तिनं सांगितलं.
मी मनात त्याचे डॉलर केले,
मग डॉलरच्या पँटी केल्या.
पाच पँटी आणि एक चेन.

फोन फिरवून तिला चौथी बादली दाखवावी,
असं वाटलं. दाखवली नाही.
मिरजेत दादा अजून लोकांना सांगतो,
बहिणीचं अमेरिकेत दुकान आहे, मॉलमध्ये.
त्याच्या आवाजातली ती कडक इस्त्री
माझ्या हातून मोडायला नको.

साडेदहाला लोरेन येते. गिऱ्हाईक नव्हे,
चालायला येते; बाहेर निसरडं असतं.
अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात
ती अत्तरांच्या काउंटरवर होती
आणि मी सरकत्या जिन्याच्या तोंडाशी
निऱ्या मुठीत धरून उभी,
मागे ही गर्दी खोळंबलेली.
काउंटर सोडून आली, माझं कोपर धरलं,
पायऱ्या मोजल्या डोळ्यांनी, आणि म्हणाली: आता.

तो जिना बंद पडून चार वर्षं झाली.
वरच्या मजल्यावर काही नाही, तरी लोरेन चढते,
आणि रोज पहिल्या पायरीवर पुढे झुकते.
डोळ्यांना ठाऊक आहे जिना मेलाय,
पायांना कोण सांगणार?
माझेही तसेच झुकतात, तिला सांगितलं नाही.

दुपारी एक पोरगा आला, खाकी पँट घेऊन.
गोदामात लागलाय, पार्सलं भरायला.
नदीपलीकडचा मॉल पाडून तिथेच बांधलंय ते.
"माझी आई तिथे केस कापायची," म्हणाला,
पँट ऑनलाइन मागवलेली, टाचेखाली चार बोटं.
घरपोच येणारं काहीच कुणाला बसत नाही
म्हणून तर मी आहे.
त्याच्याकडून निम्मेच घेतले.
(धंदा बुडायला आणखी कारण कशाला शोधायचं!)

संध्याकाळी चौथी काठोकाठ.
वॉल्ट दिसेना. मीच उचलली,
मधल्या कोरड्या कारंज्यापर्यंत नेली, ओतली.
तळाला चिकटलेली नाणी, कुणाकुणाच्या इच्छा,
पाच पाच सेंटांच्या,
ओली होऊन क्षणभर तांबूस झाली.
तिकडे दुबईत आता रात्रीची पाळी असेल,
डोंगरावर नवा बर्फ फवारत असतील.

वॉल्ट उद्या ओरडेल, कारंज्याला तडा आहे म्हणून.
ओरडू दे.