मागाच्या घरातला कान

पहिल्या आठवड्यात मला काहीच ऐकू आलं नाही.
म्हणजे आलं,
पण माझ्याच अंगठ्याची धडधड,
शर्टाच्या बटणाला घासलेली नळी,
खिडकीबाहेर होटगी रोडवरचा ट्रक.
बिराजदार सर म्हणाले, कापडावरून नको, कातडीवर टेकव.
आणि डावं ऐकलंस की त्याच उंचीवर उजवं.
एकट्या बाजूला काही अर्थ नसतो.

मी सांगितलं नाही त्यांना
की मी नीलमनगरचा,
भिंतीला भिंत लागून बारा माग,
आमच्यात हळू कुणी बोलत नाही.
भात झाला, हे आई नुसत्या ओठांनी सांगते.
नाना टीव्हीचा आवाज टोकाला नेतात
आणि वर विचारतात, लावलाय का?
असल्या घरातला कान घेऊन मी आलेलो,
आणि मला म्हणत होते, श्वास ऐक.

बारीक करकर कशी असते?
कानाजवळचे केस चिमटीत धर, चोळ.
सत्तावीस पोरंपोरी एकाच वेळी केस चोळत बसलो.
तबस्सुम नदाफला हसू आवरेना.
मग म्हणाली, सर, आमच्या दादाजींची छाती
कापूस पिंजल्यासारखी वाजायची, ते कशात बसतं?
सर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.
वहीत ती ओळ रिकामीच आहे.

सिव्हिलमध्ये अंबुबाई दासरी, वय एकसष्ट,
विड्या वळून बोटांची पेरं पिवळी.
तोंडाने श्वास घ्या मावशी. अजून एकदा.
पाठीवर अगदी खाली, श्वास भरत आला तेव्हा,
भाजलेले शेंगदाणे तळहातावर चोळावेत
आणि सालं सुटावीत,
तसं.
दोन्हीकडे.
मला एवढा आनंद झाला
की मला लाज वाटली.
तिनं विचारलं, सापडलं का रे?

मेमधली दुपार. अक्कलकोट रोड, टॉवेलचा कारखाना.
श्रीनिवास कोडम, चौतीस,
गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकलेला,
त्याची शिट्टी दारातूनच ऐकू येत होती.
गाडीत घेतला, दार लागलं,
आणि शिट्टी थांबली.
ड्रायव्हर म्हणाला, चला, जरा बरं वाटलं त्याला.

मी आठवीत असताना एका रात्री
शेजारचे माग एकाएकी बंद पडले.
लाइट होती. मालकानं कुलूप घातलं होतं.
तोफ डागली तरी न उठणारे नाना
ताडकन उठून बसले आणि म्हणाले,
कसला आवाज झाला?

मी नळी टेकवली. डावं. उजवं.
वर. खाली. पुन्हा डावं.
छाती हलत होती, आत कुणी नव्हतं.
सर, म्हणालो, हवा जातच नाहीये.
माझा आवाज घरातल्यासारखा, मोठ्यानं निघाला.
सरांचे हात तोवर मास्कवर होते.
औषधाची वाफ, ऑक्सिजन, सुई,
आणि माझं काम एकच, ऐकत राहा.
अशोक चौक गेला. काही नाही.
गुरुनानक चौकाच्या अलीकडे, उजवीकडे, लांबून,
सुतासारखी बारीक
एक शिट्टी.
सर, वाजतंय.
वाजू दे, म्हणाले, आणि पहिल्यांदाच टेकून बसले.

रविवारी नानांनी स्वतःच सदरा काढला,
शिंप्यापुढे उभं राहावं तसे ताठ.
लोपल एमुंदी रा?
आत काय आहे, ते मी शोधत होतो.
डावं. त्याच उंचीवर उजवं.
भिंतीपलीकडे पाळी सुरू झालेली,
खटक खटक हाडांमधून येत होतं,
भिंत कुठली आणि नाना कुठले, कळेना.
म्हणालो, थांबा, माग बंद झाले की ऐकतो.
त्यांनी ओठ वाचले, मान हलवली.
नको रे, म्हणाले. चालू असतानाच ऐक.