जिरावण

विजयनगरच्या मागल्या गल्लीत
रेशीमवाल्यांचा धाकटा बिअर गाळतो.
स्टीलचं पिंप, त्यावर खडूनं तारीख
आणि वास
उतू गेलेल्या इडलीच्या पिठाचा.

"काका, गव्हाची आहे. शरबती गहू."
पोळ्या तरी बऱ्या होतात त्याच्या, म्हणालो,
आणि दुसरा ग्लास मागितला.

मग जीभ सैल झाली:
इंदुरात गाळतोस, जिरावण कुठंय?
हसला.
पुढच्या गुरुवारी खरंच घेऊन आला,
एकच मग, वर तपकिरी फेस.

भयंकर होती.
शेवेची बशी मध्ये सरकवून
दोघांनी संपवली, मान खाली घालून,
व्याह्यांकडची करपलेली खीर संपवतात तशी.

निघताना विचारलंन,
"हिंग जास्त झाला ना?"
म्हटलं, भिया,
बिअर जास्त झाली.