पाटीचं वजन

जिल्ह्याहून तक्ता आलाय.
'उद्याच्या शाळेतील मूल्ये व कौशल्ये',
शुक्रवारपर्यंत भरून पाठवा.
रकाना एवढासा, की 'प्रामाणिकपणा' लिहिलं
तर 'णा' बाहेर सांडतो.

नंदुरबारात हे दिवस मिरचीचे.
पथारीवरून वारा सुटला की
आख्खी चौथी शिंकते, फळ्यासकट.
आया देठ खुडतात, शाळा सुटल्यावर पोरीही.
सकाळी बोटांची आग, पेन्सिल धरवत नाही,
आणि मी भागाकार शिकवत असते.

परवा दित्याच्या डोळ्यात काही गेलं.
तो बोट न्यायला लागला,
तशी रेवली वळवीनं त्याचं मनगट धरलं
आणि कोपराच्या वर, दंडानं,
जिथं मिरची पोचलेली नसते,
पुसला त्याचा डोळा.
हे कुठल्या रकान्यात?

तिनंच आईची खुडणी मोजली, एकोणीस किलो.
मुनीमजींच्या वहीत सतरा.
गेली विचारायला. एकटी.
दुसऱ्या दिवशी वर्गात उभी,
"बाई, मी चुकले. पाटीचं वजन धरलंच नव्हतं."
वर्ग हसला. खरं सांगते, मीही हसले,
सुटल्यासारखी.
पंधरा ऑगस्टचा खाऊ मुनीमजींकडून येतो.

ती खाली बसेना.
"पण पाटी दोन किलोची आहे, हे कुणी तोललं?"

मला माहीत नव्हतं.
बावीस वर्षांत हे वाक्य
वर्गात मोठ्यानं म्हटल्याचं आठवत नाही.
म्हटलं.
छप्पर जागच्या जागी राहिलं.

मग खिचडीच्या तांदळाचा काटा आणला.
दित्यानं पाटीचं बूड झाडलं, माती नको मोजायला.
कुणी म्हणालं, एकच कशाला, तीन तोला.
कुणी म्हणालं, ओली वेगळी, वाळकी वेगळी.
मी यातलं काही शिकवलेलं नव्हतं.
दीड.
दीड.
एक सहाशे.

आकडे फळ्यावर आहेत अजून,
पुसायचे राहिले, राहू देत.
उद्या रेवली पुन्हा जाणार,
या खेपेला अकरा जणं सोबत.
"बाई, तुम्ही?"
मी म्हणाले, बघू.
घरी आल्यापासून तो 'बघू' तोंडात फिरतोय,
बी अडकल्यासारखा.

तक्त्यात रात्री एवढंच लिहिलं:
'रिकामी पाटी तोलून पाहणे'.
साहेबांना वाटेल, पाटी म्हणजे स्लेट.
वाटू दे.
चपला दाराशी काढून ठेवल्यात.