शेपूट

लुमाण्णा म्हणाला, "उघडलं की रमीच येतंय बघ.
मी जातोय लग्नपत्रिकेकडं
खरं समोर पत्त्यांची राणी डोळा मारतीय.
गिऱ्हाईक बसलेलं असतंय की गं, व्याही-व्याही मिळून."

नंदगडचा बाजाराचा दिवस. प्रेसच्या दारात
मिरच्यांची पोती, आत शाईचा वास,
भिंतीवर दोन लिप्यांतले नमुने:
डावीकडं चि. सौ. कां., उजवीकडं तेच कन्नडात.
मांडव एकच, वऱ्हाड दोन्हीकडचं.

मी विचारलं, मामा, हल्ली काय उतरवून घेतलंत?
"मी कशाला उतरवू? नागेंद्रानं
कन्नडचा एक फॉन्ट घेतला, फुकट. तेवढाच."
फुकट म्हणताना आवाज जरा खाली गेला.

फॉन्ट आला होता. मागून त्याची वरात:
हवामान सांगणारं, कूपन शोधणारं,
पीडीएफ फिरवून देतो म्हणणारं,
आणि एक बिननावाचं, नुसता करडा चौकोन,
ज्याच्या परवानगीत लिहिलेलं:
तुम्ही पाहता ती सर्व पानं वाचणे आणि बदलणे.

"सर्व?"
सर्व.
लुमाण्णानं चष्मा काढून पुसला.
चाळीस वर्षं प्रुफं वाचली ह्या माणसानं.
दुसऱ्याच्या मजकुरातली एक वेलांटी बदलायची
तर सायकल काढून घरी विचारून यायचा.

यादी तारखेप्रमाणे लावली.
एकाच दुपारी, चार मिनिटांत, पाच जण आत शिरलेले.
एकेकाला काढलं. एकानं जाताना
रडका चेहरा दाखवून विचारलं, नक्की का?
करड्या चौकोनाचं बटण मात्र दबेना.
खाली बारीक अक्षरांत:
हा ब्राउझर तुमची संस्था चालवते.

"कुठली संस्था?" लुमाण्णा उठून उभाच राहिला.
"मी एका दूध सोसायटीत आहे, तेबी नुसता सभासद.
नाव बघ की. सेक्रेटरी कोण लिवलंय?"
मी हसले. मग हसणं आवरलं.
ह्या तालुक्यात हा प्रश्न हसण्यावारी नेत नाहीत,
की आपल्याला चालवतं कोण
आणि त्याची कचेरी कुठल्या गावात.

रजिस्ट्रीत उतरले. सापडली त्या संस्थेची
दोन ओळींची सनद. खोडली.
रोज सकाळी नऊला सगळ्यांना परत बोलावणारा
एक गडी नेमला होता, त्यालाही रजा दिली.
पुन्हा सुरू केलं.
राणी हजर.

वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला.
तुळसाक्का चहा घेऊन आली, म्हणाली,
"दृष्ट काढू काय गं ह्याची?"
काढा म्हटलं. मला तरी आणखी काय सुचत होतं.

वीज आल्यावर डेस्कटॉपवरच्या आयकॉनचं पोट उघडलं.
नाव तेच, रंग तोच, चेहरा ओळखीचा,
आणि वाट संपल्यावर, अवतरणचिन्ह मिटल्यावर,
एक जागा सोडून चिकटवलेला
कुणाचा तरी लांबच लांब पत्ता.
चौकटीत मावत नव्हता. बाण दाबत गेले, दाबतच गेले.

"शेपूट," लुमाण्णा माझ्या खांद्यावरून म्हणाला.
"अवतरणाच्या बाहेर. चूक तिथंच असतीय."
कीबोर्ड त्याच्याकडं सरकवला.
एका बोटानं, एकेक अक्षर, मागं मागं पुसत आला तो
आणि अवतरणापाशी
बरोबर थांबला.

उघडल्यावर काय दिसू दे, मामा?
"कायबी नको. कोरं असू दे.
काय लिवायचं ते माझं मी बघतो."

फॉन्ट तेवढा ठेवला. त्याचा काही गुन्हा नव्हता.
गोल, घासून पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखी अक्षरं.

दीडशे रुपये दिले, आणि मोडलेल्या लग्नाच्या
साठ पत्रिका, मागून कोऱ्या, बिलं लिहायला.
खानापूरच्या बसमध्ये एक उलटून बघितली.
दोन घरांची नावं, दोन्ही लिप्यांत.
एकही चूक नव्हती.