रांगेतली फट

तिला तिकडे डोंगरराणी म्हणतात.
मुकुट नाही. पिवळा रेनकोट, बाहीला ठिगळ,
खिशात पेन्सिलीचं थोटूक
आणि ओलीनं फुगलेली वही.
स्टेनव्होर. माझी आत्या.
उन्हाळाभर मोकाट सुटलेल्या मेंढ्या
सप्टेंबरात पठारावरून खाली आणायच्या.
चौदा माणसं, नऊ घोडे, तीन कुत्री,
आणि या वर्षी मी.

रेक्याविकमध्ये मी प्रकल्प चालवतो.
गरम पाण्याची अकरा किलोमीटरची वाहिनी:
तक्त्यात सगळे चौकोन हिरवे,
मार्चमध्ये नळ मात्र गार.
हे मी आत्याला सांगितलं नव्हतं.

तिनं पहाटे माणसं पेरली.
तोंडाचा पट्टा चालू असतो त्या ड्रेंगुरला नदीकाठी,
तिथं कुणाला काही ऐकू येत नाही.
तापट ओड्नीला खडकांत.
सोळा वर्षांच्या सुन्नेवाला मधोमध.
मला दलदलीच्या कडेला.
म्हणाली,
‘डावीकडचा दिसला पाहिजे.
उजवीकडचा दिसला पाहिजे.
मेंढ्यांकडे कुत्री बघतील.’
मी थांबलो. अजून काही सांगेल म्हणून.
ती घोड्याचा पट्टा आवळत होती.

दहाच्या सुमारास धुकं उतरलं.
मी झपझप निघालो,
पुढे गेलं की काम होतं
अशा हिशेबानं इतकी वर्षं चाललेला माणूस.
मागे म्हातारा आस्ब्यार्तुर,
गुडघा धरून,
चिखलात रुतलेल्या घोड्याला शिव्या घालत.
त्याच्या नि माझ्यामध्ये फट पडली.
तिच्यातून चार गेल्या.
तीन पांढऱ्या, एक राखाडी.
मी पाहिलं.
हाक मारली नाही.

रात्री पत्र्याच्या खोपीत
शेगडीवर मोज्यांची वाफ.
तिनं सगळ्यांना वाढलं, मग स्वतः घेतलं,
आणि विचारलं, ‘आज काय दिसलं?’
सर्वांत लहान, ती आधी.
सुन्नेवानं एका ओढ्याचं सांगितलं,
गेल्या वर्षी तो तिथे नव्हता.
वहीत ओढा आला.
मग एकेक जण.
मग आस्ब्यार्तुर म्हणाला,
‘माझं ढोपर. मी मागे राहिलो. चार गेल्या.’

पत्र्यावर पाऊस.
माझी पाळी शेवटून दुसरी होती.
मी म्हणालो, ‘तो मागे नव्हता.
मी पुढे गेलो.’

पेन्सिल चालली.
नंतर वही उघडी राहिली तेव्हा वाचलं:
चार. दलदलीपाशी.
नाव कुणाचंच नव्हतं.
मान वर न करता एवढंच बोलली,
‘उद्या तुम्ही दोघं तिथेच.’

दुसऱ्या दिवशी मी गुडघ्याच्या चालीनं चाललो.
वाटेत म्हाताऱ्यानं बटाट्याचे सहा प्रकार सांगितले,
बायको गेल्यापासून त्याला एकच जमतो.
दोन टेकड्यांपलीकडे तीन पांढऱ्या सापडल्या,
आपणच वाट चुकलोय असा आव आणून उभ्या.
राखाडी नाही.

खाली वाडग्यापाशी सारं गाव.
कुणी गात होतं, कुणी बाटली फिरवत होतं,
पोरं शिंगं धरून मेंढ्या ओढत होती.
तोंडाशी उभी राहून ती मोजत होती.
मला आठवेना,
दोन दिवसांत ती कधी
सगळ्यांच्या पुढे दिसली होती का.

सोमवारी बैठक.
भिंतीवर तोच तक्ता.
मी पहिल्यांदाच चौकोन सोडून
मधल्या कोऱ्या जागा पाहिल्या.
एक बोट रुंद.
चार मेंढ्या सहज जातील.

दाराशी रूना बसते.
जोडकामाचं बघते, फेब्रुवारीत लागली.
तिचा आवाज कसा आहे
हे मला सांगता आलं नसतं.
‘रूना, तुला काय दिसलं होतं?’

ती बघत राहिली,
आधी माझ्याकडे, मग दाराकडे.
कुणीतरी खोकलं. कुणीतरी घड्याळ पाहिलं.
मी जीभ दाताखाली धरून
बसून राहिलो.

वर पठारावर आता बर्फ पडत असेल.
राखाडी अजून तिथेच आहे.